विश्लेषण : मुंबई-दिल्ली हवाई अंतर ११४० किलोमीटर, मग विमानाला सव्वादोन तास का लागतात?

मुंबई आणि दिल्ली यांच्यातील हवाई अंतर साधारण ११४० किलोमीटर आहे. प्रवासी विमान ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने उडते. या हिशेबाने हा प्रवास दीड तासाच्या आत व्हायला हवा. प्रत्यक्षात तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेला असतो. त्यातही कधी विमान वीस मिनिटे उशिरा सुटूनही वेळेत पोहोचते, तर कधी वेळेवर सुटून मुंबईवर घिरट्या घालत बसते. हा जास्तीचा पाऊण तास नेमका कुठे जातो, तिकिटावरचा वेळ कोण ठरवते आणि विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या भरपाईशी त्या वेळेचा काय संबंध आहे, याचा आढावा.

हवाई अंतर म्हणजे नेमके काय?

मोबाइलवर दोन शहरांतील हवाई अंतर शोधले की जो आकडा दिसतो, तो पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग असतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन तो गणिताने काढला जातो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचे इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यासाठी तो ११४० किलोमीटरच्या जवळपास येतो. वैमानिकांच्या भाषेत हे सुमारे ६१५ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. काही संकेतस्थळांवर ११५० किंवा त्याहून थोडा वेगळा आकडा दिसतो, कारण तिथे विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरलेला असतो.

रेल्वेने हेच अंतर साधारण १३८५ किलोमीटर भरते, कारण राजधानी एक्स्प्रेस सुरत, वडोदरा, कोटा या मार्गाने जाते. पुणे-दिल्ली हवाई अंतरही ११५५ किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबईइतकेच आहे. नागपूरहून दिल्ली मात्र साधारण ८५५ किलोमीटरवर आहे.

विमान पूर्ण वेगाने किती वेळ उडते?

या मार्गावर प्रामुख्याने एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ या जातीची विमाने वापरली जातात. ३५-३६ हजार फुटांवर त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या साधारण ७८ टक्के असतो. त्या उंचीवरच्या थंड हवेत हा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास येतो. ११४० ला ८३० ने भागले की ८२ मिनिटे मिळतात. पण हा हिशेब विमान धावपट्टीवरूनच ८३० च्या वेगाने निघाले आणि त्याच वेगाने उतरले असे गृहीत धरतो.

प्रत्यक्षात सुरुवातीची साधारण वीस मिनिटे चढण्यात जातात. उतरण्याची तयारी तर खूप आधी सुरू होते. दर हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा ढोबळ नियम आहे. ३६ हजार फुटांसाठी हे १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर होतात. दिल्लीहून मुंबईला येणारे विमान उतरायला लागते, तेव्हा ते सुरतेच्या आसपास असते. शिवाय दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा असते.

थोडक्यात, ११४० किलोमीटरपैकी जवळपास एक तृतीयांश अंतर चढण्या-उतरण्यात जाते. उरलेल्या ७६० किलोमीटरला ५५ मिनिटे, चढायला २० आणि उतरायला २५ मिनिटे धरली तर एकूण १०० मिनिटे होतात. म्हणजे आकाश मोकळे असले, तरी हवेतला वेळ एक तास चाळीस मिनिटांच्या आसपासच राहतो.

विमान सरळ रेषेत का जात नाही?

आकाशातही रस्ते असतात. विमाने ठरलेल्या हवाई मार्गांवरून, ठरलेल्या बिंदूंना स्पर्श करत जातात, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांना त्यांच्यात सुरक्षित अंतर राखता येते. मुंबई-दिल्ली मार्ग गुजरात आणि राजस्थानवरून जातो आणि या पट्ट्यात हवाई दलासाठी राखीव असलेले क्षेत्रही आहे. मे २०२० मध्ये तत्कालीन आर्थिक पॅकेज जाहीर करताना केंद्र सरकारनेच सांगितले होते, की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे वापरता येतो. हे निर्बंध शिथिल केल्यास विमान कंपन्यांचे वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपये वाचतील, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता.

या मार्गावर वळसा फार मोठा नसतो. अंतर पाच टक्क्यांनी वाढले, तरी ५७ किलोमीटर, म्हणजे चार मिनिटांची भर पडते. पण दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचे उदाहरण बोलके आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई क्षेत्र बंद केले. त्यानंतर युरोप-अमेरिकेच्या उड्डाणांना वळसा घ्यावा लागला. दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटी ही शहरे तर नव्या वळशाच्या मार्गाने इंडिगोच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली आणि कंपनीला ती सेवा थांबवावी लागली. नकाशावरचे अंतर एका किलोमीटरनेही वाढलेले नव्हते.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

याचे उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर ३०-४० हजार फुटांच्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. कोलकात्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाला ते थेट समोरून लागतात. मुंबई-दिल्ली मार्ग मात्र उत्तरेकडे आणि थोडा पूर्वेकडे झुकलेला आहे, त्यामुळे वारा बहुतांश बाजूने लागतो.

वारा ताशी १५० किलोमीटरचा धरला, तर त्यातला साधारण ५५ किलोमीटरचा वाटा दिल्लीला जाताना मदत करतो आणि मुंबईला येताना अडवतो. संपूर्ण मार्गावर असाच वारा असता, तर दोन्ही दिशांत दहा-बारा मिनिटांचा फरक पडला असता. पण हा वारा मार्गाच्या उत्तर भागातच जोरदार असतो आणि चढण्या-उतरण्याच्या टप्प्यात त्याचा प्रभाव कमी असतो. त्यामुळे प्रत्यक्ष फरक काही मिनिटांचाच राहतो. या मार्गावर उशीर होण्याचे मुख्य कारण वारा नव्हे.

मग मुख्य कारण काय?

मुख्य कारण जमिनीवर आहे. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. व्यवहारात हा एका धावपट्टीचा विमानतळ आहे. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने मुंबईतील उड्डाणे कमी करण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमाने उतरत वा उड्डाण करत होती. म्हणजे सरासरी दर ७८ सेकंदांना एक. ही संख्या ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्यात आली. खासगी विमानांवरही गर्दीच्या तासांत निर्बंध आले. गर्दीमुळे विमानांना ४० ते ६० मिनिटे शहरावर घिरट्या घालाव्या लागतात, असे मंत्रालयाने तेव्हा नमूद केले होते. विमानाला तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन लागते असे धरून ४० मिनिटांच्या घिरट्यांसाठी सुमारे १.८ लाख रुपयांचे, तर ६० मिनिटांसाठी २.६ लाख रुपयांचे इंधन वाया जाते, असा हिशेबही मांडला होता. हा खर्च अखेर तिकिटाच्या दरात उतरतो.

धावपट्टीवर जाण्यापूर्वीची रांग हा दुसरा भाग. विमानाला मागे ढकलल्यापासून चाके जमिनीवरून उचलेपर्यंत दोन्ही विमानतळांवर दहा-पंधरा मिनिटे सहज जातात, उतरल्यावर थांब्यापर्यंत पोहोचायला आणखी आठ-दहा. दिल्लीत दूरच्या धावपट्टीवर उतरल्यास हा प्रवास अधिक लांबतो. हिवाळ्यातील धुक्यात दोन विमानांमधील अंतर वाढवावे लागते आणि रांग वाढत जाते.

तिकिटावरचा वेळ कोण ठरवते?

तिकिटावर दिसणारा वेळ उड्डाणाचा नसून ‘ब्लॉक टाइम’ असतो. विमान थांब्यावरून हलले त्या क्षणापासून ते दुसऱ्या विमानतळावर पूर्णपणे थांबेपर्यंतचा हा काळ. वरचा हिशेब जोडला तर हवेत १०० मिनिटे, वळसा आणि उतरण्याच्या रांगेसाठी पाच, जमिनीवर दोन्हीकडे मिळून २५, अशी १३० मिनिटे होतात. म्हणजे दोन तास दहा मिनिटे. त्यावर पाच-दहा मिनिटे राखीव ठेवली की तिकिटावरचे सव्वादोन तास तयार होतात.

ही राखीव मिनिटे किती ठेवायची, हे विमान कंपनी ठरवते. सुटण्याच्या-उतरण्याच्या वेळेचे स्लॉट विमानतळाकडून मिळतात आणि वेळापत्रकाला नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मंजुरी लागते. पण त्या चौकटीत मागच्या हंगामांच्या अनुभवावरून कंपनी आपला वेळ आखते. त्यामागे व्यावहारिक कारण आहे. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळच्या फेरीला झालेला उशीर रात्रीपर्यंत साचत जाऊ नये, म्हणून प्रत्येक फेरीत थोडी सैल जागा ठेवली जाते. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचा हिशेबही याच वेळेवर चालतो.

दुसरी बाजू अशी, की ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेले विमान ‘वेळेवर’ मानले जाते. वेळापत्रकातच दहा मिनिटे वाढवली, तर तीच गर्दी आणि त्याच घिरट्या असूनही पोहोचण्याची वेळ पाळल्याचे दिसते. डीजीसीएच्या मासिक अहवालात वेळ पाळण्याची टक्केवारी येते. पण ती वाढली याचा अर्थ प्रवास जलद झाला, असा होत नाही. अमेरिकेत परिवहन खात्याची सांख्यिकी यंत्रणा प्रत्येक मोठ्या कंपनीच्या देशांतर्गत उड्डाणाचा जमिनीवरचा वेळ आणि हवेतला वेळ वेगवेगळा जाहीर करते. त्यामुळे वेळ कुठे खर्च झाला, हे कोणालाही तपासता येते.

प्रवाशांच्या हक्कांशी याचा संबंध काय?

इथे हा तांत्रिक वाटणारा आकडा थेट खिशाशी जोडला जातो. डीजीसीएच्या नियमांत प्रवाशाला काय मिळणार, हे अंतरावरून नव्हे, तर ब्लॉक टाइमवरून ठरते.

उड्डाण रद्द झाले, वेळेत पूर्वसूचना दिली नाही आणि कारण कंपनीच्या आवाक्यातले असेल, तर भरपाई अशी आहे : ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असल्यास ५ हजार रुपये, एक ते दोन तास असल्यास ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास १० हजार रुपये. मात्र एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांची बेरीज यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा ५ ते १० हजार रुपयांच्या भरपाईचा जो उल्लेख झाला, तो याच टप्प्यांचा होता. मुंबई-दिल्लीचा छापील वेळ दोन तासांच्या वर असल्याने हा मार्ग वरच्या टप्प्यात येतो. म्हणजे इथे वाढीव मिनिटे प्रवाशाच्या फायद्याची ठरतात.

विलंबाच्या बाबतीत उलटे घडू शकते. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असल्यास दोन तासांच्या विलंबानंतर खाणे-पिणे देणे बंधनकारक आहे. तो अडीच ते पाच तास असेल, तर ही मर्यादा तीन तासांवर जाते. सव्वादोन तासांच्या मार्गाचा वेळ वीस मिनिटांनी वाढवला, तर नाश्त्याचा हक्क एका तासाने पुढे सरकतो. विलंब सहा तासांहून अधिक असेल, तर ब्लॉक टाइम कितीही असला, तरी पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मिळतो.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, हे सारे टप्पे विमान सुटण्याच्या वेळेवरून मोजले जातात. वेळेवर सुटलेले विमान मुंबईवर पाऊण तास फिरत राहिले आणि पुढचे विमान चुकले, तर विलंबाच्या या नियमांत त्याला जागा नाही. दुसरी, हवामान, सुरक्षा आणि हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला उशीर कंपनीच्या आवाक्याबाहेरचा मानला जातो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या संदेश यंत्रणेत बिघाड होऊन शेकडो विमानांना उशीर झाला, तो याच प्रकारातला. मुंबईतल्या गर्दीमुळे नियंत्रकांनी विमान रोखून धरले, तर तेही याच सदरात जाते. म्हणजे या मार्गावरील उशिराचे जे सर्वांत नेहमीचे कारण, तेच भरपाईच्या बाहेर राहते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावलीत भरपाईचे टप्पे वेळेवर नव्हे, तर अंतरावर आधारलेले आहेत. हे अंतर पृथ्वीवरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजावे, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी भरपाई २५० युरो आहे. मुंबई-दिल्लीएवढे अंतर याच टप्प्यात आले असते. शिवाय युरोपीय न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचलेल्या प्रवाशालाही भरपाई मागता येते. अपवादात्मक परिस्थितीची सूट तिथेही आहेच. पण मोजपट्टी कंपनीच्या हातात नाही. अंतर कोणालाही बदलता येत नाही, वेळ मात्र दर हंगामात बदलता येतो, हा यातला मूळ फरक आहे.

नवी मुंबई विमानतळामुळे वेळ कमी होईल?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. दिल्लीपासूनचे त्याचे हवाई अंतर मुंबईपेक्षा फारसे वेगळे नाही. त्यामुळे हवेतला वेळ जवळपास तितकाच राहील. फरक पडू शकतो तो रांगेत. काही उड्डाणे तिकडे गेल्याने जुन्या विमानतळावरचा ताण हलका झाला, तर घिरट्या कमी होतील. पण रिकामे झालेले स्लॉट लगेच नव्या उड्डाणांना दिले गेले, तर गर्दी जैसे थे राहील. शिवाय दोन्ही विमानतळ जवळ असल्याने त्यांच्या विमानांचे आकाशातील मार्ग एकमेकांत गुंतणार नाहीत, याची काळजी नियंत्रकांना घ्यावी लागते.

प्रवाशाच्या दृष्टीने घरापासूनचा वेळही मोजायला हवा. पनवेल, उरण, खारघरच्या रहिवाशांचा अंधेरीपर्यंतचा तास-दीड तास वाचेल. बोरिवली-विरारच्या प्रवाशासाठी गणित उलटे आहे.

तिकीट काढताना काय पाहावे?

दोन कंपन्यांच्या तिकिटावर दहा मिनिटांचा फरक दिसला, तर एक विमान वेगवान आहे असे समजू नये. दोन्ही विमाने जवळपास सारख्याच वेगाने उडतात, फरक राखीव मिनिटांचा असतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या अॅपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागील काही दिवसांचे प्रत्यक्ष वेळ पाहावेत. सुटण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ दोन्ही तपासावी.

दिल्लीहून पुढे दुसरे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावेत. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीची कोणतीही जबाबदारी राहत नाही. परीक्षा, मुलाखत किंवा रुग्णालयाची वेळ असेल, तर दिवसातले पहिले विमान तुलनेने सुरक्षित, कारण आधीच्या फेऱ्यांचा साचलेला उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्लीच्या पहाटेच्या धुक्यामुळे हा सल्ला उलटा करून दुपारचे विमान घेणे बरे. आणि उड्डाण रद्द झाल्यास तिकिटावरचा सुटण्या-पोहोचण्याचा वेळ जपून ठेवावा. भरपाईचा टप्पा त्यावरूनच ठरतो.